घाटमाथ्यावरचा मिस्ड कॉल

सकाळी सव्वानऊच्या आसपास माझा फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. तो उचलायचा नसे. बायको सावळघाट चढून वर आली, चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेऊन तिनं रिंग दिली, एवढाच त्याचा अर्थ. दहाला दहा कमी असताना दुसरी रिंग यायची, म्हणजे ती पेठच्या पुढे पाड्यावरच्या आपल्या शाळेत पोचली. पलीकडे बोलण्याइतकी रेंज नीट मिळत नाही, म्हणून आमचं हे मिस्ड कॉलवर चाललेलं. पहिली रिंग आली की मला चहा गोड लागायचा आणि दुसरी येईपर्यंत पुन्हा कडू व्हायचा.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि त्यांत खोट काढण्याचा मला पगार मिळतो. एवढी वर्षं खोट काढल्यावर ती सवय संध्याकाळी गेटवर ठेवून येता येत नाही. घरी पोळीची कड जाड आहे हे मला दिसतं, शेजाऱ्यांच्या लिफ्टचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा आहे हे कळतं, आणि न बोलता गप्प बसणं मला जमत नाही. बायको म्हणते, तुम्हाला देवळात नेलं तरी तुम्ही घंटेचा बोल्ट हलवून बघाल. मी तो हलवून बघितलेला आहे. ढिला होता.

ती जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिची शाळा दोन शिक्षकांची, पहिली ते चौथीची मुलं एकाच वर्गात. तिथली मुलं घरी कोकणी बोलतात, गोव्याकडची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची. ती हिनं त्यांच्याकडूनच शिकून घेतली आणि कधी कधी घरी मलाही त्याच बोलीत दटावायची. कितीतरी वर्षं ती एसटीनं आणि वडापच्या जीपनं गेली. कधी उभ्यानं, कधी ड्रायव्हरच्या शेजारी चौथी म्हणून. मग वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळच्या रस्त्यावर गाडी शिकली. मी मागच्या सीटवर बसून सूचना देत होतो म्हणून शिकवणाऱ्यानं तिसऱ्या दिवशी मला घरी बसायला सांगितलं. पुढे ती उत्तम चालवायला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची वाट न बघता शाळेत जायला लागली. त्या काळात ती घरात गुणगुणत असायची. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बिघडवलं ते हे गुणगुणणं.

गाडी अमेरिकन कंपनीची, पांढरी, डिझेल. ती निवडण्यात आम्हा दोघांची दोन कारणं होती. माझं असं, की कारखान्यात जो माल अमेरिकेला जातो त्याची तपासणी सगळ्यांत कडक. केसाएवढा फरक निघाला तरी अख्खी पेटी परत. जे लोक दुसऱ्याच्या मालाला एवढं छळतात ते स्वतःची गाडी तरी चांगली बनवत असतील, असा माझा हिशेब होता. तिचं कारण सोपं होतं. तिनं शोरूममध्ये दार लावलं, ते जड दार धप्प करून बसलं, स्टिअरिंगवर हात ठेवून ती म्हणाली, "हीच."

"अगं, बाकीच्या बघून तरी घेऊ."

"तुम्ही बघा. मी बसलेय इथं."

नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे सल्ले दिले. जपानी घ्यायची, कोरियन घ्यायची, निदान आपल्याकडची तरी घ्यायची, अमेरिकन गाडीचा आरसा फुटला तरी बोटीनं यावा लागतो. मी सगळ्यांना तपासणीचा सिद्धांत समजावून सांगितला. दोनच वर्षांत कंपनीनं आपल्या देशातून गाशा गुंडाळला. शोरूमच्या जागी सोफ्यांचं दुकान आलं. त्या दुकानासमोरून जाताना मी दर वेळी मान वळवून बघतो, आणि दर वेळी मला राग येतो.

पण गाडी छान चालत होती. दसऱ्याला मी तिची पूजा अगदी मनापासून करायचो. यंत्र नुसतं बाहेरून पुसून हार घालणं म्हणजे पाहुण्याला दारातच चहा देऊन वाटेला लावणं, असं माझं मत. म्हणून मी सकाळीच बॉनेट उघडायचो, बॅटरीवरचं झाकण काढायचो, आजूबाजूला, खाली, हात पोचेल तिथले वायरींचे प्लग सोडवून फडक्यानं पुसायचो. मग सगळं तसंच उघडं ठेवून बायकोला हाक मारायचो. ती इंजिनावर कुंकवाची पाच बोटं ओढायची, अक्षता टाकायची, पेढा ठेवायची. मी नारळ फोडून त्याचं पाणी आत चौफेर शिंपडायचो. तिला हसू यायचं. गाडीचं पोट फाडून कुणी पूजा करतं का, म्हणायची. पूजा झाली की मी एकेक प्लग जागच्या जागी बसवायचो आणि बॉनेट लावताना मला फार समाधान वाटायचं.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतरच्या धुक्यात पहिल्यांदा तो पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा छोटा दिवा असतो तो. तो लागला की गाडी चाळीसच्या पुढे जाईना. पाय कितीही दाबा, ती आपली बैलगाडीच्या चालीनं. इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलं आणि परत चालू केलं की जसं काही झालंच नाही.

द्वारका चौकाजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, नाशकातल्या साऱ्या अनाथ गाड्या त्यांच्याकडे येतात. त्यांनी यंत्र लावून बघितलं, दिवा घालवला आणि म्हणाले, "इंजिन एक नंबर है साहब. सिर्फ इसका दिमाग कभी कभी फिर जाता है."

"पण कारण काय?"

"कारण मिला तो बतायेंगे ना."

असं उत्तर मला कारखान्यात कुणी दिलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. मिस्त्रींनी एक सेन्सर बदलला, तो दिल्लीहून यायला तीन आठवडे लागले. मग पायातलं पेडल बदललं. प्रत्येक दुरुस्तीनंतर महिना-दीड महिना बरा जायचा आणि मग एखाद्या ओल्या सकाळी पुन्हा पिवळा दिवा. कोरड्या दिवसांत गाडी शहाण्यासारखी वागायची. पण कोरड्या दिवसांत मला जास्त भीती वाटायची, कारण आता कधी, आता कधी, यातच दिवस जायचा.

मी वही केली. तारीख, वेळ, वेग, हवामान, आवाज. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून मी मोबाइलवर अमेरिकेतल्या गाडीवाल्यांनी लिहिलेलं वाचायला लागलो. तिथं माणसं आपल्या गाड्यांविषयी नातेवाइकांविषयी लिहावं तसं लिहितात. एक शेतकरी त्याच्या ट्रकनं वीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही म्हणून सांगत होता. एका बाईची गाडी दर हिवाळ्यात तिला बर्फात सोडून द्यायची आणि वसंतात माफी मागितल्यासारखी चालायची. आमच्याच कंपनीच्या गाडीचा एक मालक तर माझ्यासारखाच, वही ठेवणारा. कौतुक करणारे पुष्कळ होते, पण मी त्यांच्यावरून पुढे जायचो. खोट काढणाऱ्या माणसाचा खोट काढणाऱ्यांवरच विश्वास बसतो. डब्यातली भाजी गार व्हायची, आणि सातासमुद्रापलीकडच्या कुणाचा तरी गिअरबॉक्स तुटलेला वाचून मी वहीत नवी ओळ लिहायचो.

रविवारी आम्ही दोघं कुठं निघालो तर मी रेडिओ बंद करायला लावायचो. "हे ऐकलंस?"

"काय?"

"हे आत्ताचं. कुर्रर्र."

"तुमच्या खिशातल्या किल्ल्या आहेत त्या."

होत्याही. पण मी किल्ल्या डॅशबोर्डवर ठेवून पुन्हा कान द्यायचो. ती मग एकदम शांत होऊन गाडी चालवायची, ओठ मिटून. तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते माझ्या वहीत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका सकाळी, सव्वानऊची रिंग आली नाही. साडेनऊला आली नाही. मी फोन लावला तर लागेना. दहाला दुसरी रिंगही नाही. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांचा फोन लागला, ते म्हणाले, बाई अजून पोचल्या नाहीत. मी साहेबांना न सांगता मोटरसायकल काढली आणि रेनकोट विसरून पेठ रोडला लागलो. रस्त्यात जे काही मनात आलं ते लिहिण्यासारखं नाही. दरीकडचे कठडे एकेक करून बघत मी घाट चढत होतो, कुठं तुटलेला तर नाही ना.

घाटमाथ्याच्या अलीकडे, धुक्यात, गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित लावलेली दिसली. चारही दिवे लुकलुकत होते. मागच्या चाकाला दगड होता. एक वडापची जीप थांबलेली, तिचा ड्रायव्हर आणि चार-पाच पॅसेंजर गाडीभोवती उभे, आणि माझी बायको बाहेर टेकून त्यांच्याबरोबर भाजलेली कणसं खात हसत होती. आज गाडी दहा मिनिटांत चालू झाली नव्हती आणि तिथं रेंज नव्हती, एवढंच. ड्रायव्हर गाडी ढकलून द्यायला तयार होता.

मला पाहून ती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

मला आनंद झाला होता. पण तोंडातून जे आलं ते वेगळंच. मी त्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर ओरडलो, की तुला अक्कल आहे का, या भिकार गाडीत एक दिवस मरशील, आणि मी आणखी किती दिवस हे सहन करायचं. कणीस तिच्या हातात तसंच राहिलं. जीपचा ड्रायव्हर जरा वेळ इकडं तिकडं बघून तिला हळूच म्हणाला, "बाई, साहेब लय घाबरलेत. त्यांना चहा द्या." मग तिनं गाडीत बसून किल्ली फिरवली आणि ती चालू झाली.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या बदल्यांचे अर्ज निघाले. अवघड भागातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीमुळे तिला सोयीच्या शाळेसाठी प्राधान्य मिळत होतं, पण तिनं ते कधी घेतलं नव्हतं. मी म्हणालो, या वेळी भरायचा. ती दोन दिवस अर्जाला हात न लावता शाळेत जाऊन आली. तिसऱ्या दिवशी मी संगणकासमोर बसून सगळी माहिती भरली, पाड्याच्या शाळेचं नाव एका चौकटीत आणि शहराजवळच्या शाळांची नावं दुसऱ्या चौकटींत. शेवटी तिच्या फोनवर ओटीपीचे आकडे यायचे होते. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि कुकर लावायला गेली. आकडे मीच टाकले.

तिची बदली घरापासून अर्ध्या तासावरच्या मोठ्या शाळेत झाली. तिथं शिक्षक भरपूर, म्हणून हिच्याकडे वर्ग एकच, आणि उरलेल्या वेळात संगणकावर माहिती भरण्याचं काम. ती सिटी बसनं जायला लागली. गाडीची आता गरज नव्हती. मी जाहिरात टाकली आणि गाडीबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं लिहिलं, त्यामुळे बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग येवल्याहून एक विणकर आले. पैठण्या विणणारे, पन्नाशीचे, बोलायला सावकाश. त्यांना साड्या घेऊन गावोगावच्या प्रदर्शनांना जायला गाडी हवी होती. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी पानं चाळली आणि मिशीत हसले.

"साहेब, एवढे दोष तर सोयरीक मोडणारा माणूसबी काढत नाय."

"नंतर तुम्ही म्हणायला नको, मी सांगितलं नाही."

"नाय म्हणनार. इंजिन चांगलं हाय. बाकी बघू."

बायको किल्ली द्यायला खाली आली. तिनं गाडीतून आपल्या खडूंचा डबा, उशी आणि एक छत्री काढून घेतली. दार लावलं, ते धप्प करून बसलं, आणि ती वर निघून गेली.

त्यानंतर मला शांतता मिळायला हवी होती. सव्वानऊला आता ना भीती, ना रिंग. पण सव्वानऊ वाजले की माझा हात खिशाकडे जायचाच. रिकामा फोन बघून मी तो परत ठेवायचो आणि मशीनवरच्या माणसाला विनाकारण बोलायचो. घरी ती वेळेवर यायची, वेळेवर स्वयंपाक करायची, टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही बघायची नाही. मी विचारलं, नवी शाळा कशी आहे. ती म्हणाली, "जवळ आहे."

पुढच्या पावसाळ्यात येवल्याहून फोन आला. नंबर बघताच मी म्हणालो, "बंद पडली ना?"

"पडली ना. दोनदा पडली," विणकर म्हणाले. "पन आता नाय पडत. त्येच सांगायला फोन केला. तुम्ही वही दावली व्हती, म्हनलं तुमाला कळवायला पायजे."

मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं आणि काहीच न करता बघत बसले. इंजिनाच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. त्यांना वाटलं, मोटारीत मुंग्यांचं काय काम. "मागावर धागा तुटला ना साहेब, तर तुटलेल्या टोकाकडं नाय बघायचं. जिथून निघाला तिथून बोट फिरवत यायचं. तसं त्या वायरींवर बोट फिरवत आलो." बोट बॅटरीच्या खालच्या एका प्लगापाशी थांबलं. मुंग्या तिथंच जात होत्या. प्लग सोडवला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि सगळं चिकट. आणि प्लगाच्या रबराखाली तांदळाचा एक दाणा दबून बसलेला, कुंकू लागलेला. त्याच्यामुळे रबर नीट बसत नव्हतं. ओली हवा आली की आत पाणी, पाणी आलं की दिवा. मिस्त्रीनं कितीही भाग बदलले तरी बॅटरीखाली त्याचा हात पोचला नव्हता.

"साहेब, एक इचारू का? तुम्ही दसऱ्याला बॉनेट उघडं ठून पूजा करायचे का?"

"हो," मी म्हणालो.

"नारळाचं पानी आत?"

"हो."

"मंग बरोबर हाय. आमीबी मागाची पूजा करतो, पन रेशीम झाकून." ते हे अगदी सहज म्हणाले. पिना त्यांनी घासून साफ केल्या, रबर नवं टाकलं, आणि महिनाभर पावसात फिरून गाडीनं एकदाही दिवा दाखवला नव्हता.

मी तेव्हा कारखान्यातच होतो. फोन ठेवला आणि समोरच्या मशीनकडे पाहिलं. त्याच्या पॅनेलवर एक जुनी सूचना चिकटवलेली आहे, तेलानं पिवळी पडलेली. पूजेच्या वेळी पॅनेलची दारं बंद ठेवावीत, हळदकुंकू, फुलं व पाणी आत जाऊ देऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या पूजेनंतर एक मशीन चालू होईना, तेव्हा कारण मीच शोधलं होतं आणि ही सूचना मीच लिहिली होती. खाली माझी सही आहे. आमच्याकडच्या प्रत्येक मशीनवर ती आहे, आणि मी रोज तिच्यासमोर उभा राहून अमेरिकेला शिव्या देत होतो. तो प्लग फडक्यानं पुसून, पूजा झाल्यावर, दाण्यासकट दाबून बसवणारा हातही माझाच.

मला इतकी लाज वाटली की आठ दिवस मी घरी काही सांगितलं नाही. त्या आठ दिवसांत मी बाथरूमचा नळ उघडला, पंख्याची पाती काढली, मिक्सर खोलला. नवव्या दिवशी ती मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर पाटावर बसून सगळं सांगून टाकलं. विणकर, मुंग्या, दाणा, सूचना.

ती मेथीच निवडत राहिली. "म्हणजे गाडी चांगली होती."

"हो."

"मी सांगत होते."

"हो."

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या वहीत नव्हतं. गाडी आणखी कितीतरी वेळा थांबली होती. ती बाजूला घ्यायची, मागच्या चाकाला दगड लावायची आणि दहा मिनिटं वह्या तपासायची. मग चालू करून पुढे जायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उशिराचं कारण सांगितलं की मुलं हसायची, बाईंची गाडी झोपली म्हणून.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"गाडी थांबायची त्याची भीती नव्हती मला. घरी येऊन तुमचं तोंड बघायची होती." तिनं देठं बाजूला केली. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती."

तशीही विकलीच होती. हे दोघांनाही ठाऊक होतं. पाड्याच्या शाळेत आता दुसऱ्या बाई आल्या होत्या. ती शाळा परत मागून मिळण्यासारखी नव्हती. मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "हो, चुकलं." मग मेथी धुवायला उठली.

येवल्याला जायचं तिनंच ठरवलं. मी विचारलं, साडी घ्यायची का, तर म्हणाली, गाडी बघायची. आम्ही एसटीनं गेलो. विणकरांच्या घरात पुढच्या खोलीत माग, खड्ड्यात पाय सोडून विणायचा, आणि बाहेर चिंचेखाली आमची पांढरी गाडी. नव्हे, त्यांची. बॉनेटवर पत्र्याचा तुकडा टाकून त्यावर रेशमाच्या लडी वाळत होत्या. त्यांनी लडी काढल्या, बॉनेट उघडून मला तो प्लग दाखवला. मी हात मागे बांधून बघितला.

बायकोनं विचारलं, "विकणार का परत?"

"नाय बाई," ते म्हणाले. "आता नाय. पन चालवायची आसंल तर घ्या ना किल्ली. अनकाईच्या चढापर्यंत जाऊन या, रस्ता चांगला हाय."

तिनं किल्ली घेतली. मी सवयीनं दुसऱ्या बाजूचं दार उघडायला गेलो.

"तुम्ही बसा इथं," ती म्हणाली.

दार धप्प करून लागलं आणि गाडी वळून गेली. मी आत येऊन मागाशेजारी बसलो. विणकर पुन्हा खड्ड्यात उतरले आणि विणायला लागले. फणीचा ठोका, मग पायाखालचा आवाज, मग पुन्हा ठोका. मला त्यात एक जागा ढिली वाटत होती, पण मी बोललो नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी दारात जाऊन आलो. आभाळ भरून आलं होतं, हवा ओली होती, अशाच हवेत ती थांबायची. मी पुन्हा दारात गेलो. विणकर मान वर न करता म्हणाले, "बसा साहेब. येतील बाई."

मी बसलो, उठलो, परत बसलो. तेवढ्यात खिशातला फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"घ्या ना," विणकर म्हणाले. "बाईंचाच आसंल."

"तो उचलायचा नसतो," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही. अनकाईचा चढ चढून ती वर पोचली होती आणि तिनं गाडी बाजूला घेऊन मला कळवलं होतं. मी फोन मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या रिंगची वाट बघत बसलो.